नेपल्सहून पॉम्पेई : एक दिवस, एकच शहर

पॉम्पेई म्हणजे इटलीतलं, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन शहर. तिथे मी दोनदा गेले. पहिल्यांदा रोमहून निघालेल्या एका दिवसाच्या बस-सहलीत. पहाटे निघायचं, वाटेत पॉम्पेई, मग अमाल्फीचा किनारा आणि रात्री परत रोम, असा तो कार्यक्रम होता. पॉम्पेईच्या वाट्याला पावणेदोन तास आले. त्यातलं आठवतंय ते एवढंच : पुढे चाललेल्या गाइडची उंच धरलेली छत्री आणि तिच्यामागे धावणारे आम्ही. घरी आल्यावर फोटो पाहिले तर कुठला फोटो कशाचा, हेच सांगता येईना.

चार वर्षांनी आईला घेऊन गेले. तेव्हा नेपल्समध्ये तीन रात्री मुक्काम केला आणि एक अख्खा दिवस फक्त पॉम्पेईसाठी ठेवला. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. तिच्या चालीने, तिच्या थांबण्याने ते शहर मला पहिल्यांदा नीट दिसलं. त्या दिवसावरून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सुरुवातीलाच एक विनंती : त्या दिवशी पॉम्पेईला दुसरं काही जोडू नका. सोरेंतो नको, अमाल्फी नको, व्हेसुव्हियस ज्वालामुखीचं तोंडही नको. सुमारे ६६ हेक्टरांवर पसरलेलं हे शहर आहे आणि त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग खणून मोकळा केलेला आहे. ते पायी बघायचं म्हणजे दिवस लागतोच.

आधी ठरवा : पॉम्पेई की एर्कोलानो?

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा त्याच्या पायथ्याची बरीच गावं गाडली गेली. त्यातली पाहण्याजोगी दोन मोठी : पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम. दुसऱ्याच्या डोक्यावर आज एर्कोलानो नावाचं गाव वसलं आहे. दोन्हीकडे नेपल्सहून एकाच रेल्वेने जाता येतं.

दोघांचा मृत्यू वेगळ्या तऱ्हेने झाला, म्हणून दोन्ही वेगळी दिसतात. पॉम्पेईवर आधी अनेक तास हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला. त्याच्या वजनाने छपरं कोसळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राखेच्या लोंढ्याने उरलेल्यांना गाठलं. त्यामुळे इथे भिंती आहेत, रस्ते आहेत, वरचे मजले बहुतेक नाहीत. हर्क्युलेनियम मात्र अशाच लोंढ्यांखाली सुमारे वीस मीटर खोल गेलं. तिथे लाकूड जळून कोळसा झालं खरं, पण जागेवर राहिलं. दारं, तुळया, पलंग, वरचे मजले आजही दिसतात.

एर्कोलानो लहान आहे, अर्ध्या दिवसात होतं. बरोबर कुणाचे गुडघे फारच दुखत असतील, लहान मूल कडेवर असेल किंवा हातात चारच तास असतील, तर बिनदिक्कत एर्कोलानोला जा. अख्खा दिवस आणि चालायची तयारी असेल तर पॉम्पेई. एका दिवसात दोन्ही करणारे लोक असतात, पण ते दोन्हीकडे फक्त हजेरी लावून येतात असं माझं मत आहे.

कधी जायचं

मार्च ते मेचा मध्य आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हे दिवस उत्तम. आपल्याकडचे बहुतेक लोक शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यात किंवा दिवाळीत जातात. मे चाललाच. दिवाळी नोव्हेंबरमध्ये येत असेल तर एक लक्षात ठेवा : १ नोव्हेंबरपासून वेळ कमी होतो. एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी ९ ते संध्याकाळी ७ उघडं असतं आणि शेवटचा प्रवेश साडेपाचला. नोव्हेंबर ते मार्च पाचलाच बंद होतं आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला. जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. सावली म्हणून जवळजवळ नाहीच, काळे दगड तापतात आणि विदर्भातल्या उन्हाची सवय असलेला माणूसही दुपारी हैराण होतो.

१ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबर या तीन दिवशी बंद असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो आणि त्याच कारणाने त्या दिवशी जाऊ नये. वाचलेल्या पैशांच्या बदल्यात प्रत्येक दाराशी रांग मिळते.

तिकीट

इथे आता पूर्वीसारखं ‘जाऊन बघू’ चालत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असतं आणि दिवसाला २०,००० लोकांनाच आत सोडतात. हंगामात सकाळच्या वेळेची तिकिटं संपतात. म्हणून अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. घरात आपण आईला ज्या नावाने ओळखतो आणि पासपोर्टवर जे नाव असतं त्यात पुष्कळदा फरक असतो. तिकीट काढताना समोर पासपोर्ट उघडूनच बसा.

तिकिटाचे मुख्य दोन प्रकार आहेत. साधं तिकीट म्हणजे तटबंदीच्या आतलं शहर. दुसऱ्या, थोड्या महाग तिकिटात तटाबाहेरची ‘व्हिला देई मिस्तेरी’सारखी घरंही येतात. साधं वीस युरोच्या आसपास, मोठं त्याहून चार-पाच युरो जास्त. दर बदलत राहतात, तेव्हा काढताना पाहून घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांना फुकट, पण त्यांचंही शून्य किमतीचं तिकीट लागतं. पहिल्या खेपेला आणि ज्येष्ठांबरोबर जात असाल तर साधं तिकीट पुरे. या व्हिलातली लाल भिंतीवरची सुप्रसिद्ध चित्रमालिका बघायचीच असेल तर मोठं घ्या आणि दुपारी दीड तास तिच्यासाठी बाजूला ठेवा.

स्टेशनातून बाहेर पडताच गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं ‘तिकीट इकडे’ म्हणून बोलावतात. ते खाजगी सहली विकतात. खरी खिडकी प्रवेशद्वारापाशी आहे. गाइड हवा असेल तर परवानाधारक गाइडच घ्या आणि किती तास, किती माणसं, कुठली भाषा हे पैसे देण्याआधी बोलून घ्या.

नेपल्सहून कसं जायचं

रोज सकाळी हजारो लोक ज्या गाडीने जातात ती चिरकुमवेसुव्हियाना. व्हेसुव्हियसला वळसा घालून जाणारी स्थानिक रेल्वे. नेपल्सच्या मुख्य स्टेशनाच्या तळघरात पियात्सा गारिबाल्दी हे तिचं स्टेशन आहे. वरच्या फलाटांवर शोधत बसू नका, पाट्या बघत खाली उतरा. गाडी सोरेंतोकडे जाणारी हवी आणि उतरायचं ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ या स्टेशनावर. स्कावी म्हणजे उत्खनन. साधारण पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात. तिकीट स्वस्त आहे, दोन कप कॉफीच्या भावात होतं.

आता एक उपयोगाची गोष्ट. गाडी गारिबाल्दीला सुरू होत नाही, त्याआधीच्या पोर्ता नोलाना स्टेशनावर सुरू होते. ते गारिबाल्दीपासून पायी दहा मिनिटांवर आहे. तिथून चढलात तर बसायला जागा मिळते. गारिबाल्दीला चढलात तर आपल्या लोकलमधली सव्वानऊची वेळ आठवेल. आईसाठी मी ती दहा मिनिटं आधी चालले आणि ती सबंध वाट खिडकीशी बसून गेली. डावीकडे व्हेसुव्हियस, उजवीकडे मधूनमधून समुद्र.

गर्दीत पाकीटमार असतात. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या, मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका, पासपोर्ट कपड्यांच्या आत. आणि आदल्या रात्री संप आहे का ते बघा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर करून होतात. ‘शोपेरो’ हा शब्द पाटीवर दिसला की पर्यायाची तयारी करा. पर्याय म्हणजे इटलीच्या मुख्य रेल्वेची गाडी. ती नव्या पॉम्पेई गावात, उत्खननाच्या पूर्वेच्या टोकाजवळ सोडते.

जहाजाने नेपल्स बंदरात उतरणाऱ्यांनी म्युनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोची १ नंबरची मार्गिका धरून गारिबाल्दीला यावं. जहाज सुटायच्या किमान दोन तास आधी परत पोहोचाल असा हिशोब ठेवा. रोममध्ये राहणाऱ्यांसाठी वेगवान गाडीने नेपल्स सव्वा तासाच्या आसपास आहे. म्हणजे रोमहूनही हा दिवस जमतो, फक्त पहाटे निघावं लागतं.

पिशवीत काय

बूट. हे सगळ्यात आधी. रस्ते ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे आहेत, दोन हजार वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेले आणि सांध्यांमध्ये खड्डे असलेले. चपला आणि पातळ तळव्याचे सँडल घालून गेलेली माणसं तासाभरात बसायला जागा शोधू लागतात. पाऊस पडून गेला असेल तर घसरतं. आई आयुष्यभर साडीवर चप्पल घालत आली, पण त्या दिवशी तिने साडीवर बूट घातले आणि संध्याकाळी स्वतःहून म्हणाली, बरं झालं.

टोपी, पाण्याची रिकामी बाटली, औषधं, सुका खाऊ. बाटली रिकामी चालते कारण आत जागोजागी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. त्यांतले काही तर प्राचीन दगडी हौदांवरच बसवलेले आहेत. मोठी बॅग नेऊ नका. ३० × ३० × १५ सेंटीमीटरपेक्षा मोठं सामान आत नेता येत नाही, दाराशी ठेवावं लागतं. स्वच्छतागृहं थोडी आहेत : प्रवेशद्वारांपाशी आणि फोरम या मुख्य मैदानाजवळच्या उपाहारगृहात. दिसलं की जाऊन घ्या.

खाण्याचं म्हणाल तर फोरमजवळ एकच उपाहारगृह हाताशी आहे आणि दुपारी तिथे गर्दी असते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. प्राचीन घरांत, उंबऱ्यावर, पायऱ्यांवर बसून खाऊ नका. बसण्यासाठी ठेवलेली जागा शोधा. शाकाहारी मंडळींनी नेपल्समध्ये एक ध्यानात ठेवावं : दुकानोदुकानी मिळणारा ताराल्लो, म्हणजे मिरी-बदाम घातलेलं खुसखुशीत कडं, पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत मळतात. विचारून घ्या. पिझ्झात मारिनारा निर्धास्त, त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं. चीजसुद्धा नसतं.

आत गेल्यावर : नऊ ते साडेदहा

स्टेशनातून पाच मिनिटांत पोर्ता मारिना दार येतं. मारिना म्हणजे समुद्राचं. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा बराच जवळ होता. दाराशी नकाशा मागा आणि आज कुठली घरं बंद आहेत ते विचारा. डागडुजीसाठी घरं आळीपाळीने बंद ठेवतात, त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका. नकाशात शहराचे नऊ विभाग आणि प्रत्येकात घरांचे चौक आहेत. ही पद्धत जुझेप्पे फियोरेल्ली या पुरातत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकात घालून दिली. एकदा ती कळली की पत्ता शोधणं सोपं जातं.

चढाची दगडी वाट चढून फोरमवर या. हे गावाचं मुख्य मैदान. उत्तरेला ज्युपिटरच्या देवळाचा चौथरा आणि बरोबर त्याच्यामागे व्हेसुव्हियस. सगळे इथे फोटो काढतात, तुम्हीही काढा. मग पश्चिमेच्या बाजूला, अपोलोच्या देवळाच्या भिंतीत एका कोनाड्यात दगडी ओटा आहे तो शोधा. त्यात लहानमोठे वाटोळे खळगे कोरले आहेत आणि खळग्यांना तळाशी भोकं आहेत. ही बाजाराची अधिकृत मापं. धान्य खळग्यात ओतायचं, माप भरलं की खालून मोकळं करायचं. शेर, मापटं, पायली घरात पाहिलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे बाजूच्या कोठारात जाळीमागे शेकडो मातीचे कुंभ रचलेले दिसतात.

नऊ वाजता आत शिरला असाल तर फोरमवर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका. दहानंतर बसमधून मोठे गट येऊ लागतात आणि उत्तरेकडच्या घरांत रांगा लागतात. त्यांच्या आधी तिकडे जा.

पहिलं ‘फॉनचं घर’. फॉन म्हणजे रोमन वनदेव. सुमारे तीन हजार चौरस मीटरचं, एक अख्खा चौक व्यापणारं. दारात फरसबंदीत रंगीत दगडांनी ‘हावे’ असं लिहिलं आहे. स्वागत असो. आपण उंबऱ्यापुढे रांगोळी घालतो त्याच जागी. आतल्या एका दालनात जमिनीवर अलेक्झांडर आणि इराणचा सम्राट दारयुश यांच्या लढाईचं प्रचंड मोझेक आहे. हे १८३१ मध्ये सापडलं. मूळ नेपल्सच्या संग्रहालयात आहे, इथे प्रतिकृती.

जवळच ‘शोकनाट्य कवीचं घर’ आहे. दाराच्या आत साखळदंडाला बांधलेला काळा कुत्रा मोझेकमध्ये काढला आहे आणि खाली ‘कावे कानेम’, कुत्र्यापासून सावध. पुण्यातल्या बंगल्यांच्या फाटकांवर जी पाटी असते तीच. हे बाहेरूनच दिसतं, रांगेत फार वेळ घालवू नका.

मग वेट्टी बंधूंचं घर. गुलामीतून मुक्त होऊन व्यापारात श्रीमंत झालेल्या दोघांचं. वीसेक वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडलं. भिंतींवरचे लाल-काळे रंग, तेल विकणारी, सोनारकाम करणारी पंखवाली बाळं, मधली बाग : या सगळ्यासाठी अर्धा तास द्या. बरोबर मुलं असतील तर आधीच सांगून ठेवते की प्रवेशाशी प्रजननदेवतेचं उघड चित्र आहे. त्या काळी ते दृष्ट लागू नये म्हणून असे. मुलांनी विचारलं तर हेच उत्तर द्या. लुपानार, म्हणजे वेश्यागृह, हे या भागापासून जवळ आहे आणि तिथे कायम गर्दी असते. जागा अरुंद, चित्रं अंधारात. ते वगळलंत तर काही चुकणार नाही.

जातं

साडेदहाच्या सुमाराला आम्ही पोपिदियुस प्रिस्कुसच्या बेकरीत आलो. शहरात अशा तीसेक बेकऱ्या होत्या. इथे अंगणात काळ्या, खडबडीत दगडाची चार मोठी जाती उभी आहेत. खालचा दगड शंकूसारखा, वरचा डमरूसारखा, त्या शंकूवर बसणारा. वरच्याच्या कमरेला चौकोनी भोकं आहेत. त्यांत लाकडी दांडा घालून गाढव किंवा गुलाम गोल फिरवायचे. मागे विटांची मोठी घुमटाकार भट्टी.

आई पुढे गेली नाही. ती बार्शीकडची, लहानपणी पहाटे आजीबरोबर जात्यावर बसलेली. तिने विचारलं, घास कुठून घालत असतील? मग स्वतःच वाकून वरच्या डमरूच्या तोंडात पाहिलं आणि म्हणाली, ‘‘वरून घालायचं, आणि पीठ खाली कडेने पडायचं. याला टाकी घालावी लागत नसणार, दगडच भोकाभोकांचा आहे.’’ ते बरोबर होतं. असा सच्छिद्र ज्वालामुखीचा दगड झिजला तरी खरखरीत राहतो. नंतर संग्रहालयात काळा ठिक्कर पडलेला पाव पाहिला. गोल, वरून आठ फोडी पाडलेला. एका बेकरीच्या भट्टीत असे ८१ पाव सापडले होते.

असा अर्धा तास तुमच्याही दिवसात कुठेतरी ठेवा. जात्यापाशी असो, धोबीखान्यात असो, बागेत असो. जे तुमच्या ओळखीचं आहे तिथे थांबा.

रस्ते वाचायला शिका

बेकरीपासून खाली विया देल्लाब्बोन्दान्त्सा या मुख्य रस्त्यावर या. इथून पूर्वेला अॅम्फिथिएटरपर्यंत, म्हणजे खेळांच्या रिंगणापर्यंत, सरळ जायचं. वाटेत स्ताबियन स्नानगृह आहे. जमिनीखाली विटांच्या खुंटांवर उभारलेली दुहेरी फरशी आणि तिच्यामधून फिरणारी गरम हवा तिथे उघडी दिसते.

पण रस्ता स्वतःच बघण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना उंच पदपथ, मधे रस्ता खोलगट. तो ओलांडायला मोठे दगड ठेवले आहेत, नदीत ओळीने दगड टाकतात तसे, कारण रस्त्यातून पाणी आणि घाण वाहायची. दगडांमध्ये गाडीची चाकं जातील एवढी फट. शेजारी फरशीत चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत, बोट घालून खोली बघता येते. फरशीत मधूनमधून पांढरे दगडाचे ठिपके बसवले आहेत, ते रात्री चांदण्यात चमकायचे.

चौकाचौकांत दगडी हौद आणि त्यावर कोरलेला मुखवटा, ज्याच्या तोंडातून पाणी यायचं. हौदाच्या काठावर हाताने टेकून पाणी पिणाऱ्यांनी दगड झिजवला आहे. तिथे हात ठेवा, बरोबर तिथेच बसतो.

गल्ल्यांच्या तोंडाशी काउंटरची दुकानं दिसतील. ओट्यात रांजण पुरलेले, त्यांत खाद्यपदार्थ. बहुतेक गरिबांच्या घरी चूल नसायची, ते इथेच खायचे. असं एक दुकान पाचव्या विभागात अलीकडे खणलं गेलं आणि २०२१ मध्ये खुलं झालं. त्याच्या ओट्यावर बदकं, कोंबडा आणि पट्टा बांधलेला कुत्रा रंगवला आहे, रंग अजून ताजे वाटतात. भिंतींवर काचेआड लाल रंगातली अक्षरं असतील तर ती निवडणुकीची जाहिरात समजा. सगळ्या फळवाल्यांचा अमक्याला पाठिंबा, सोनारांचा तमक्याला. हे असे हजारो लेख शहरात सापडले आहेत.

दुपारनंतर

जेवण उरकून नाट्यगृहांकडे जा. मोठ्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसायला मिळतं, पायांना विश्रांती द्या. शेजारी इसिसचं देऊळ, १७६४ मध्ये सापडलेलं. इजिप्तची देवी इथे पुजली जात होती, म्हणजे बंदरावरून माणसांबरोबर देवही येत होते.

शहर का गाडलं गेलं हे कळायला पळून जाणाऱ्यांच्या बागेत जावं लागतं. ती आग्नेय कोपऱ्यात आहे. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली आणि त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये फियोरेल्लीने त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतलं, ते घट्ट झालं आणि माणसं पुन्हा दिसू लागली. अशी शंभराहून अधिक ओतीव शरीरं आजवर तयार झाली आहेत. या बागेत काचेमागे तेरा जण आहेत, मोठे आणि मुलं. एक जण कोपरावर जोर देऊन उठू पाहतो आहे. फोटो काढू नका असं कुणी म्हणत नाही. आईने हात जोडले, मीही मोबाइल खिशात ठेवला.

उद्रेकाची तारीख पुस्तकांत २४ ऑगस्ट दिसेल. धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रावरून ती ठरली. सतरा वर्षांचा असताना त्याने खाडीच्या पलीकडून तो ढग पाहिला होता आणि त्याचा मामा मदतीला जहाजं घेऊन गेला तो परतला नाही. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख सापडली, त्यामुळे आता बरेच अभ्यासक उद्रेक शरद ऋतूत झाला असं मानतात.

शेवटी अॅम्फिथिएटर. इसवी सनापूर्वी ७० च्या सुमाराचं, दगडात बांधलेल्यांपैकी ज्ञात असलेलं सर्वांत जुनं. वीसेक हजार माणसं मावत. इसवी सन ५९ मध्ये इथे शेजारच्या नुचेरिया गावच्या लोकांशी एवढी मारामारी झाली की रोमच्या सिनेटने दहा वर्षं खेळांवर बंदी घातली. चारच्या पुढे इथे गर्दी नसते, उन्ह उतरलेलं असतं. बसा.

बाहेर पडायला शेजारचंच पियात्सा आनफितेआत्रो दार वापरा. नव्या गावात कॉफी घ्या आणि तिथल्या स्टेशनावरून परत जा, किंवा तटाबाहेरून वीस-पंचवीस मिनिटं चालत स्कावी स्टेशन गाठा. व्हीलचेअर किंवा हातकाठी असलेल्यांनी याच दारातून आत यावं. इथून फोरमकडे जाणारा तीनेक किलोमीटरचा सोपा मार्ग खास तयार केलेला आहे, चढ कमी आणि पायाखाली सपाट.

संग्रहालयाशिवाय हा दिवस पुरा होत नाही

पॉम्पेईत भिंती आहेत, वस्तू मात्र नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. मेट्रोच्या म्युझेओ स्टेशनाला लागूनच. मंगळवारी बंद असतं, म्हणून पॉम्पेई सोमवारी करत असाल तर संग्रहालय बुधवारी येईल किंवा आदल्या रविवारी. माझ्या मते आधी पॉम्पेई, मग संग्रहालय. रिकामी जागा बघितलेली असली की वस्तू कुठली ते कळतं. तीन तास ठेवा.

तिथे आपल्यासाठी एक खास गोष्ट आहे. पॉम्पेईच्या एका घरात १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. वीतभर उंचीची, अंगभर दागिने, पाय एकमेकांवर, दोन बाजूंना दोन लहान दासी. ती भारतातली आहे हे पाहताक्षणी कळतं. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात. ती खरंच लक्ष्मी की यक्षी यावर एकमत नाही आणि एखाद्या लाकडी वस्तूचा पाय किंवा आरशाची मूठ असावी असंही म्हणतात. तिच्या सर्वांत जवळच्या मूर्ती सापडल्या त्या महाराष्ट्रात : जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी टिपणात त्याचा पत्ता दिला आहे : भडोचहून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून कापड बैलगाड्यांतून बंदराला जायचं.

मूर्ती कुठल्या दालनात आहे ते आत शिरताना विचारून घ्या, नाहीतर अलेक्झांडरच्या मोझेकपुढे वेळ जातो आणि ती राहून जाते. आम्ही विचारत विचारत गेलो. काचेपुढे मी आईला तेरचं नाव सांगितलं.

‘‘तेर? अगं, गोरोबाकाकांचं तेर?’’

‘‘हो आई, तेच.’’

ती काचेच्या आणखी जवळ गेली आणि मूर्तीच्या पायातले वाळे मोजू लागली.

परत आल्यावर आम्ही तेरला गेलो. काकांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि मग लामतुरे संग्रहालयात गेलो. तिथे तिची बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती आहे. तुम्हीही नेपल्सहून आलात की महिन्याभरात जा, मोबाइलमधला फोटो शेजारी धरून बघता येतं. कोल्हापूरच्या बाजूचे असाल तर टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती रोमन जगातून इकडे आली.